तंबाखूचा कचरा : थोटूक, पुडी आणि पान

श्रीरामपूर - तंबाखू घातक असल्याचा इशारा पुडीवरच छापलेला असतो. फेकून दिल्यावर त्या पुडीचे काय होते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तंबाखू उद्योगापायी जगात दरवर्षी ६० कोटी झाडे, दोन लाख हेक्टर जमीन आणि २,२०० कोटी टन पाणी खर्ची पडते. सुमारे साडेचार लाख कोटी थोटके उघड्यावर पडतात. थोटकातील बोळा कापसाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचा असतो.

महाराष्ट्रात मात्र थोटकापेक्षा पुडीचा प्रश्न मोठा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के तंबाखू खाणारे आढळले. पुडीत प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून अशा प्लास्टिक पुड्यांवर बंदी आली. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावरच बंदी घातली. गटार उपसताना पुड्या निघायच्या काही थांबल्या नाहीत.

पिचकारी हा तर सवयीचा भाग. श्रीरामपूरचे स्थानक (रेल्वेच्या दप्तरी ते 'बेलापूर') असो वा मुंबईतील एखादे, कोपरे रंगण्याची रीत एकच. पण पिंक केवळ रंगवत नाही. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या पोलादी खांबांचे पायथे चुना-तंबाखूच्या थुंकीने झिजले आणि त्यांना फायबरग्लासची आवरणे घालावी लागली.

अहिल्यानगर जिल्ह्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे, तो बिडीचा. संगमनेर व नगर शहरात अनेक घरांतील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळून संसार चालविला. बिडीचे तेंदूपान येते ते जंगलातून. उन्हाळ्यात कोवळी पालवी भरपूर फुटावी म्हणून झाडे छाटतात, प्रसंगी रानाला आगही लावतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने यावर वेगळा निर्णय घेतला. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपान तोडायचे नाही, असे ठरविले. फांद्या तुटतात, आगी लागतात, पाखरांची फळे जातात आणि बिडी आरोग्याला घातक, ही त्यामागची कारणे. हंगामातील हमखास उत्पन्न गावाने सोडले आणि बांबूच्या विक्रीवर भर दिला.