चेरानच्या शेकोट्या

१५ एप्रिल २०११, शुक्रवारची पहाट. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या चेरान गावात चर्चची घंटा वाजू लागली. लाकूडचोरांच्या ट्रकना बायका आडव्या गेल्या होत्या. डोंगरावरचं पाइनचं जंगल झपाट्यानं संपत होतं आणि आता कुऱ्हाड गावाच्या झऱ्यापर्यंत पोचली होती. तक्रारी करून झाल्या होत्या. पोलीस चोरांनाच सामील आहेत, असं लोक उघड म्हणत.

गावानं त्या दिवशी चोरांना पकडलं, ट्रक जाळले आणि वेशीवर अडथळे उभारले. पुढे पालिका पोलीस आणि नगराध्यक्षही गेले. रात्रीच्या पहाऱ्यासाठी चौकाचौकांत जवळपास दोनशे शेकोट्या पेटल्या. तिथंच स्वयंपाक होई, तिथंच चर्चा. घरातली चूलच जणू रस्त्यावर आली. पक्षांच्या भांडणांत दुभंगलेले शेजारी तिथं पुन्हा एकमेकांशी बोलू लागले.

त्या बोलण्यातून एक मागणी निघाली: आम्हाला निवडणूकच नको, पक्ष नकोत. वरवर पाहता ही लोकशाहीविरोधी मागणी. पण चेरान हे पुरेपेचा आदिवासींचं गाव, आणि मूलनिवासींना आपल्या रीतीनं कारभारी निवडण्याचा हक्क मेक्सिकोच्या राज्यघटनेनं २००१ साली मान्य केला होता. ओआहाका राज्यात १९९५पासून तसा कायदाही होता, मिचोआकानमध्ये नव्हता. गाव कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०११मध्ये केंद्रीय निवडणूक न्यायाधिकरणानं कौल गावाच्या बाजूनं दिला.

५ फेब्रुवारी २०१२ रोजी नवं मंडळ कारभारावर आलं. चार वाड्या, प्रत्येकीतून तीन, असे बारा 'केरी', म्हणजे वडीलधारे. मुदत तीन वर्षं. नाव शेकोटीवर सुचवायचं, वाडीच्या सभेत आपल्या पसंतीच्या माणसामागे रांगेत उभं राहायचं. गुप्त मतदान नाही, प्रचार नाही. राखणीला गावचीच गस्त, डोंगरावर पुन्हा रोपं.

हे सुखासुखी झालं नाही. जंगल राखताना माणसं मारली गेली, काही बेपत्ता झाली. पैसा अजूनही सरकारकडूनच येतो. आणि रांगेत उभं राहून दिलेलं मत शेजाऱ्याला दिसतं, हा प्रश्न उरतोच.

५ फेब्रुवारी हा मेक्सिकोचा संविधान दिन. १९१७च्या त्या संविधानानं 'स्वतंत्र पालिके'चं वचन दिलं होतं. चेराननं ते वचन पंचाण्णव वर्षांनी वसूल केलं, तेही शेकोटीच्या उजेडात.