पेटंटची टपालपेटी

भारतीय पेटंट कार्यालयात दहा वर्षं एक 'मेलबॉक्स' होता. त्याला झाकण नव्हतं, कुलूपही नव्हतं. औषधांचे नि शेतीरसायनांचे अर्ज घ्यायचे, तारीख टिपायची आणि 2005 उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याचं कूळ व्यापाराच्या वाटाघाटींत सापडतं. 1970च्या कायद्याने भारतात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं. मिळे ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला, तेही फार तर सात वर्षं. तोच रेणू वेगळ्या वाटेनं बनवून देशी कारखाने उभे राहिले. अशा ठिकाणी परदेशी कंपनी अर्ज कशाला करील?

एप्रिल 1994मध्ये माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सह्या झाल्या. बौद्धिक संपदेचा 'ट्रिप्स' करार त्यातच बांधलेला होता. कापडाचा बाजार हवा तर पेटंटचे नियमही घ्या, सुटा माल मिळणार नाही! औषधांसाठी भारताला 2005पर्यंत सवलत मिळाली, पण अर्ज 1 जानेवारी 1995पासूनच घेण्याच्या अटीवर.

आदल्याच दिवशी सरकारनं अध्यादेश काढला. मार्चमध्ये त्याची मुदत संपली, विधेयक राज्यसभेत अडकलं. मग 'अर्ज घेत राहा' अशी प्रशासकीय सूचना देऊन वेळ निभावण्यात आली. 1996 साली अमेरिकेनं जिनिव्हात व्यापार संघटनेकडे तक्रार गुदरली. अर्ज तर येतच होते; ऑक्टोबर 1997पर्यंत 1,924 आले, त्यांतले 531 अमेरिकी अर्जदारांचेच. पण त्या सूचनेचा मजकूर काही भारताला पुढे ठेवता आला नाही, आणि मूळ कायद्यानुसार असे अर्ज तपासून फेटाळायलाच हवे होते. डिसेंबर 1997मध्ये भारत अपिलातही हरला. 1999 साली कायदा दुरुस्त झाला, तोही 1995पासून लागू धरून. कागद आधी आणि कायदा मागून, असा हा सरकारी खाक्या.

पेटी उघडली 2005 साली. नोव्हार्टिसचा ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधासाठीचा 1998चा अर्ज तिच्यातूनच निघाला. पण पेटी उघडतानाच संसदेनं कायद्यातलं कलम 3(ड) कडक केलं होतं: जुन्या पदार्थाचं नवं रूप अधिक गुणकारी ठरत नसेल, तर पेटंट नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी तो अर्ज त्याच कलमावर नाकारला. मेलबॉक्समधल्या ज्या अर्जांना पेटंट मिळालं, त्यांचंही चित्र सरळ नव्हतं. 2005च्या आधीपासून मोठी गुंतवणूक करून ते औषध बनवणाऱ्या देशी कारखान्यांना उत्पादन थांबवावं लागत नसे. वाजवी रॉयल्टी दिली की झालं.