एकाच मंत्रालयाची दोन दालने : फ्रँकोकालीन स्पेन
फ्रँकोच्या राजवटीने १९५१ मध्ये ‘माहिती व पर्यटन’ असे एकच मंत्रालय निर्माण केले. परदेशी प्रवाशाला आमंत्रण धाडणे आणि स्वदेशी लेखकाचे हस्तलिखित तपासणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे आली. १९६२ मध्ये मंत्री झालेल्या मान्युएल फ्रागा यांच्या काळात ‘स्पेन वेगळा आहे’ ही घोषणा सर्वदूर पोहोचली. (किती वेगळा, हे तेथील लेखक जाणून होते.) ऐतिहासिक वास्तूंत सरकारी हॉटेले थाटण्यासही याच दशकात वेग आला. लेओन येथील सान मार्कोसचा मठ त्यांतलाच. १६३९ ते १६४३ या काळात तेथे कवी केवेदो बंदिवान होता. यादवी युद्धात प्रजासत्ताकाचे हजारो समर्थक तेथेच कोंडले गेले. हॉटेलात पहिले पाहुणे उतरले, तेव्हा त्या युद्धाला जेमतेम पाव शतक उलटले होते.