रस्त्याचें मोल कोणीं द्यावें?

शेताच्या कडेनें पक्का रस्ता जाणार, एवढी वार्ता पसरली कीं त्या शेताचा भाव आजच चढतो. मालकानें त्यासाठीं कुदळही उचललेली नसते. रस्ता, मोरी व नळ यांचा खर्च मात्र कोणाला तरी सोसावा लागतो. मुंबई इलाख्यांत तो कोणाच्या माथीं बसला, हें पाहण्यासारखें आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, आणि १८९८ च्या कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड त्यानेंच काढिले. दादर-माटुंग्याचे प्लॉटही त्यानेंच पाडले. जमीन सक्तीनें विकत घ्यावी, सुधारावी व भाडेपट्ट्यानें द्यावी, ही त्याची रीत. भरपाईसाठीं कर्ज काढावें लागे, आणि म्युनिसिपालिटीलाही दरसाल आपल्या उत्पन्नाचा कांहीं भाग ट्रस्टला द्यावा लागे. ट्रस्टच्या हद्दीला लागून ज्यांची जमीन होती, त्यांना मात्र नवा रस्ता फुकट लाभला. चाळींतील भाडेकरूच्या पैशानें परक्याच्या मोकळ्या जमिनीचा भाव वाढला, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.

१९१५ च्या नगररचना कायद्यानें निराळी वाट धरली. जमिनी विकत न घेतां त्या कागदावर एकत्र कराव्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढाव्या, आणि उरलेल्या जमिनीचे नीटस प्लॉट पाडून ते मूळ मालकांनाच द्यावे. मालकाचें क्षेत्र घटे, पण भाव वाढे; आणि त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत वर्गणी योजनेच्या खर्चासाठीं वसूल करतां येई. हिलाच 'बेटरमेंट' म्हणत. ज्याला लाभ, त्याच्याकडून खर्च, हें तत्त्व आमच्या मतें ट्रस्टच्या रीतीहून न्याय्य होतें.

परंतु यांत एक मेख होती. भाववाढ मोजावयाची ती, योजना करण्याचा इरादा ज्या दिवशीं जाहीर झाला त्या दिवसाच्या किंमतींनीं. काम लवकर उरकलें तर हरकत नव्हती. पण तें उरकत नसे. अहमदाबादेंत शहराच्या तटाजवळील एका योजनेचा इरादा १९२७ सालीं जाहीर झाला; कच्च्या आराखड्यास मंजुरी मिळाली १९४२ सालीं; आणि मालकांस १९२७ च्या भावानें भरपाई देणें योग्य कीं नाहीं, याचा वाद सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं निकालांत काढिला, तो पालिकेच्या बाजूनें. मालकाची कुरकूर आम्हांस समजते. पण पालिका तरी कोठें जिंकली? वर्गणी जुन्या रुपयांत ठरावयाची, आणि खडी, सिमेंट व मजुरी नव्या रुपयांत चुकवावयाची! दोन आंकड्यांतील अंतर अखेर साऱ्या करदात्यांनींच भरावयाचें.

महाराष्ट्रांत १९९२ सालीं विकास शुल्क आलें. येथें लवाद नाहीं, भाववाढीचा अंदाज नाहीं. बांधकामाची परवानगी मागतांना ठराविक दरानें रक्कम भरावयाची. वसुलीच्या सोयीनें पाहतां हें उत्तम. विलंबाचा जुना रोग येथें शिरत नाहीं. बिल्डर ती रक्कम घराच्या किंमतींत मिळवूं पाहतो, हा भाग वेगळा. पण बेटरमेंटमध्यें एक गोष्ट होती ती येथें सुटली: पैसा आणि तो विशिष्ट रस्ता यांची गांठ. शुल्काचा पैसा निधींत जमा होतो व नियोजन प्राधिकरणाच्या हद्दींत कोठेंही सार्वजनिक सोयींवर खर्चतां येतो. ज्या गल्लींत नवी इमारत उठली, त्याच गल्लीच्या मोरीवर तो लागावा, असें बंधन त्या कायद्यांत नाहीं.