एका नाण्यावर दोन राजे: अंजनेरीच्या संग्रहालयात शिकलेला धडा

पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच नेट-सेट झालेले मित्र-मैत्रिणी भेटले की एक प्रश्न हमखास येतो, "प्राथमिक साधन म्हणजे नेमकं काय गं?" पाठ केलेली व्याख्या सगळ्यांनाच येते. पण व्याख्या येणं वेगळं आणि साधन समोर ठेवल्यावर त्याला काय विचारायचं हे कळणं वेगळं. मला ते दुसरं उशिरा कळलं, आणि त्यासाठी प्रबंधातली चौदा पानं खर्ची पडली. ती कशी, ते आज सांगते. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर नाशिकजवळच्या अंजनेरीला यावं लागेल.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरची बस धरा आणि अंजनेरीला उतरा. बसमधले बहुतेक लोक एक तर त्र्यंबकला निघालेले असतात, नाहीतर डोंगर चढायला, कारण हनुमानाचं जन्मस्थान म्हणून हा डोंगर प्रसिद्ध आहे. पायथ्याशी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज ही नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्ता आणि के. के. माहेश्वरी यांनी ती 1980 मध्ये सुरू केली. तिथलं नाणे-संग्रहालय काही भव्य नाही. अस्सल नाणी, प्रतिकृती, छायाचित्रं आणि माहितीचे फलक असं सगळं तिथं आहे. घाईत असाल तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. घाई करू नका.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सातवाहनांच्या नाण्यांपाशी थांबले होते. विषयच माझा तो. शर्टाच्या बटणाएवढं, जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपासचं चांदीचं नाणं. त्यावर तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ. हे सातवाहनांचं चिन्ह पुस्तकात शंभरदा पाहिलेलं. पण मान जरा तिरकी केली की डोंगराच्या बाजूला एक नाक दिसतं. मग हनुवटी. मग डोक्यामागे अर्धवट ग्रीक अक्षरं. डोंगर गौतमीपुत्र सातकर्णीचा, नाक नहपानाचं. एका नाण्यावर दोन राजे!

ठशावर ठसा

हे घडतं कसं, ते आधी पाहू. त्या काळी नाणं पाडायला दोन ठसे लागत. एक ऐरणीत बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. मध्ये धातूची चकती ठेवायची आणि वरून हातोडा मारायचा. नवी चकती करायची तर चांदी वितळवा, वजन जुळवा, कापा, एवढा खटाटोप. त्यापेक्षा जुन्या राजाचं नाणंच चकती म्हणून वापरलं तर? वजन आधीच ठरलेलं, चांदी आधीच पारखलेली. नवा ठसा मारला की काम झालं. अशा नाण्याला पुनर्मुद्रित नाणं म्हणतात. घाव जरा कमी-जास्त पडला की खालचं चित्र पुरतं मिटत नाही, आणि ते न मिटणं हेच आपलं साधन.

नहपान हा क्षहरात कुळातला क्षत्रप. त्याच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. गंमत म्हणजे लिपी ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. राजाचं तेच प्राकृत बिरुद ग्रीक अक्षरांत उतरवलंय. नाशिकच्या एखाद्या दुकानाची मराठी पाटी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असावी, तसंच. गौतमीपुत्राने यावर आपला डोंगर मारला आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह म्हणून ओळखली जाणारी खूण मारली.

एखाद-दुसरं नाणं असं मिळालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली 13,250 हून अधिक नाणी तपासली आणि 1908 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लेख प्रसिद्ध केला. 9,270 नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. म्हणजे साधारण सत्तर टक्के. उरलेली चार हजारांच्या आसपास नाणी नहपानाची, जशीच्या तशी.

आता थांबा आणि स्वतःला विचारा, की यातून काय सिद्ध होतं?

गौतमीपुत्राचा ठसा नहपानाच्या ठशानंतर बसला, हे नक्की. वरचा थर नंतरचा, यात वाद नाही. ठसा न बसलेली नाणीही त्याच निधीत होती, म्हणजे साठवणाऱ्याला दोन्ही नाणी मोलाची वाटत होती. इथपर्यंत पाय जमिनीवर आहेत. पण "गौतमीपुत्राने रणांगणात नहपानाला ठार केलं" हे नाण्यावर कुठेच लिहिलेलं नाही. "राज्यातली सत्तर टक्के नाणी पुन्हा पाडली गेली" हेही नाही. सत्तर टक्के हे एका निधीचं प्रमाण आहे, राज्याचं नव्हे. आणि या सगळ्याला वर्ष कोणतं लावायचं, तर नहपान पहिल्या शतकातला की दुसऱ्या, यावरच अभ्यासकांत वाद आहे. लेखांमधली 41 ते 46 ही वर्षं शक संवतातली धरायची की आणखी कुठल्या गणनेतली, यावर सगळं अवलंबून आहे.

स्कॉट यांना आणखी एक गोष्ट खटकली होती. नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नव्हते. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकाची ठेवण वेगळी. हा एकच माणूस की घराण्यातले अनेक, अशी शंका त्यांनी मांडली. माझी चौदा पानं बुडाली ती या चेहऱ्यांपायीच.

कशावरून?

मला वाटलं, चेहऱ्यांचा क्रम लावला तर टांकसाळीचा क्रम लावता येईल. मी इंटरनेटवरच्या लिलावांमधली आणि विक्रेत्यांकडची छायाचित्रं गोळा केली. खाली लिहिलेलं असे, "जोगलटेंभी निधी". मी तरुण, मध्यम, वृद्ध असे गट पाडले, तक्ता केला, निष्कर्ष लिहिला. दिसायलाही छान दिसत होतं.

गाइड मॅडमनी पानं वाचली आणि पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, "कशावरून?"

हे नाणं जोगलटेंभीचंच कशावरून? विक्रेता म्हणतो म्हणून? त्याला कोणी सांगितलं? मोठ्या निधीचं नाव लावलं की नाण्याचा भाव वाढतो, हे तर आपल्यालाही कळतं. नाणं अस्सल असेलही. पण ते कुठे, कशासोबत सापडलं हे माहीत नसेल, तर टांकसाळीबद्दल त्याच्याकडून काहीच वदवून घेता येत नाही. मी दोन दिवस धुसफुसले आणि मग पानं काढून टाकली.

त्याच सुमारास वाचत होते इस्तंबूलमधल्या एका छोट्या संग्रहालयाबद्दल. बायझंटाइन सम्राटांच्या महाराजवाड्यातल्या एका चौकाची कुट्टिमचित्रं, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून केलेली फरशी, तिथे जतन केली आहे. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या लोकांनी ती 1935 ते 1938 आणि पुन्हा 1952 ते 1954 या काळात उकरून काढली. शिकारीची दृश्यं, जनावरं, गुराखी, खेळणारी मुलं असं सगळं तिच्यात आहे. पण फरशीवर तारीख नाही. मग काळ कसा ठरवायचा? नुसत्या शैलीवरून अंदाज बांधले तेव्हा विद्वानांची मतं शतकांच्या अंतराने वेगळी पडली. वाद पुढे सरकला तो फरशीच्या खाली काय गाडलं गेलंय, तिथली खापरं कोणत्या काळातली, हे पाहिल्यावर. खाली सहाव्या शतकातलं खापर असेल तर वरची फरशी त्याहून जुनी असूच शकत नाही.

मला धडा मिळाला तो इथे. त्या फरशीतला एक तुकडा खिशात घालून आणला तर तो फक्त दगड. जागेवर असेल तर तो हरणाचा डोळा. निधीतून सुटलेल्या नाण्याचंही तसंच.

आणि "त्याहून जुनं नाही" एवढंच खालची वस्तू सांगते, बरं का. "त्याच वर्षीचं" असं ती सांगत नाही. याचं उदाहरण खुद्द अंजनेरीचं आहे. इथे सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, म्हणजे इ.स. 710 च्या सुमारास, कृष्णराज रूपकांचा उल्लेख येतो. कलचुरी राजा कृष्णराज होऊन गेला सहाव्या शतकात. राजा जाऊन दीडशे वर्षं होत आली, तरी त्याच्या नावाच्या नाण्यांत व्यवहार चालूच! तेव्हा उत्खननात कृष्णराजाचं नाणं मिळालं म्हणून तो थर सहाव्या शतकातलाच, असं झटकन म्हणू नका.

नाण्याकडून लेण्याकडे

मग निधीतून सुटलेली नाणी कुचकामी का? तसं नाही. त्यांना जोड लागते, आणि आपल्या नाशिकचं भाग्य असं की ती जोड जागेवरच आहे. पांडवलेणीच्या भिंती कोणी हलवलेल्या नाहीत.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. 2,000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज आणि 1,000 वर शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी. वही घ्या आणि हिशेब करा. महिन्याला वीस, वर्षाला 240. वीस गुणिले बारा, 240. तंतोतंत! त्याच लेण्यात 70,000 कार्षापणांचे 2,000 सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णाला 35 कार्षापणं, असा दरही कोरलाय. संग्रहालयाच्या काचेआड पडलेलं बटणाएवढं नाणं इथे व्याज होतं, कापड होतं, कुणाच्या तरी अंगावरचं वस्त्र होतं.

आता तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चला. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख. विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा जाते, की आजवर उषभदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत भिक्षूंना द्यावं. हा उषभदात म्हणजे नहपानाचा जावईच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, नाण्यावर जे झालं तेच शेतावर झालं. चांदी तीच, ठसा नवा. जमीन तीच, देणारा नवा. आणि घेणारे दोन्हीकडे भिक्षूच. त्याच लेण्यात पुढे आई गौतमी बलश्री आपल्या मुलाचं वर्णन क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा असं करते. पण ती आई आहे, आणि लेख कोरला गेला नातवाच्या एकोणिसाव्या वर्षी. तिचा शब्दही "कशावरून?" या चाळणीतून गेलाच पाहिजे.

नाणी, अमात्याला गेलेली आज्ञा आणि आईने केलेला गौरव ही तीन साधनं तीन वेगळ्या कारणांसाठी निर्माण झाली आणि एकाच दिशेला बोट दाखवतात. चौदा पानांच्या जागी माझ्या प्रबंधात आता हे प्रकरण आहे. ते लहान आहे, पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारलं तर उत्तर आहे.

तुम्ही जाल तेव्हा

- प्रत्येक नाण्याजवळची चिठ्ठी आधी वाचा. अस्सल की प्रतिकृती? प्रतिकृतीवरून चित्र अभ्यासता येतं, पण तिच्या वजनावरून किंवा धातूवरून निष्कर्ष काढता येत नाही.
- वजन, व्यास, दोन्ही बाजूंची चिन्हं, लेखाची वाचता येणारी अक्षरं आणि नोंदणी क्रमांक, एवढं वहीत हवंच. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन.
- पुस्तकात पाहिलेलं शोधू नका. समोर दिसतंय तेवढंच लिहा. अर्धं अक्षर दिसलं तर अर्धंच लिहा.
- वस्तू कुठे सापडली हे माहीत नसेल तर तसं स्पष्ट नोंदवा. तो तुमचा कमीपणा नाही, ती माहितीच आहे.
- गावात कुणाला नाणी सापडल्याचं कळलं तर विकत घ्यायच्या फंदात पडू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. निधी फुटला की तुमच्याच विषयाचं एक पान कायमचं गेलं म्हणून समजा.

शक्य झालं तर अंजनेरी आणि पांडवलेणी एकाच दिवशी करा. सकाळी नाणी, दुपारी लेणी. पायऱ्या चढताना दम लागेल, पाणी जवळ ठेवा. आणि दहाव्या लेण्यातून बाहेर पडण्याआधी ते 240 चं गणित त्या भिंतीसमोर उभं राहून स्वतः एकदा कराच.