भूतगती

भुते असतीलच तर ती अवकाशातून कशी सरकतील, याचा गतिनियमांच्या आधारे केलेला विचार. भूत आहे असे क्षणभर गृहीत धरायचे आणि मग काय काय घडावे लागेल ते मोजायचे, ही त्याची रीत. मराठी लोकसमजुतीतल्या भुतांना ती विशेष लागू पडते, कारण आपल्याकडचे भूत बहुधा ठिकाण धरून असते : मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाबाहेरच्या माळावर. नेमके हे एका जागी टिकणेच भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे.

छत्रपती संभाजीनगरातला औरंगपुरा उदाहरणादाखल घेऊ. अक्षांश सुमारे 19.9 उत्तर. पृथ्वीच्या परिवलनामुळे इथली भाजी मंडई, जिल्हा परिषद, सरस्वती भुवनच्या वर्गखोल्या आणि त्यांतली माणसे सेकंदाला सुमारे 437 मी. वेगाने पूर्वेकडे जात असतात. गुरुत्वाकर्षण त्यांना या वर्तुळात धरून ठेवते. भुताला वजनच नाही असे मानले, तर ते वळणार नाही; स्पर्शरेषेवरून सरळ निघून जाईल. जुन्या वाड्याच्या ओसरीवरून पाहणाऱ्याला पहिल्या सेकंदात ते जेमतेम दीड सेंटिमीटर उचललेले दिसेल. दहा सेकंदांत दीड मीटर, मिनिटाभरात सुमारे 54 मी., आणि तेवढ्या वेळात दक्षिणेकडेही 20 मी.च्या आसपास. तासाभरात ते 190 किमी. उंचीवर असेल. हा हिशेब केवळ परिवलनाचा. सूर्याचे आकर्षणही लागत नसेल, तर मध्यरात्री वर चढण्याचे त्वरण आणखी पाचव्या हिश्शाने वाढेल.

सूर्याच्या संदर्भात स्थिर राहणारे भूत तर आणखी लवकर हरवेल. पृथ्वी कक्षेत सेकंदाला सुमारे 30 किमी. धावते, एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ती साडेसात कोटी किमी.हून अधिक पुढे गेलेली असते. त्याच पिंपळावर परतायचे तर एवढे अंतर कापायला बळ हवे, आणि बळ लावायचे तर कशाला तरी रेटा द्यावा लागतो.

आता उलट बाजू. भुताला वजन आहे, पण भिंत त्याला अडवत नाही. भिंत आपल्याला अडवते ती अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अटकावामुळे, आणि शहाबादी फरशीही त्याच कारणाने आपल्याला तोलते. ज्याला भिंत नाही त्याला फरशीही नाही. कोस्टास एफ्थिमिऊ आणि सोहांग गांधी या भौतिकशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हाच आक्षेप न्यूटनच्या नियमांनी मांडला : चालण्यासाठी पायाने जमीन मागे ढकलावी लागते, मग तेच शरीर भिंतीतून आरपार कसे जाईल? समजुतीप्रमाणे भुताचे पाय उलटे असले तरी यात काही बदलत नाही; घर्षण पंजाची दिशा पाहत नाही. असे भूत फरशीतून खाली पडेल. अलेक्झांडर क्लॉट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये पृथ्वीची खरी घनता धरून दाखवले की, आरपार बोगद्यातून पडायला सुमारे 38 मिनिटे लागतात. औरंगपुऱ्यातून निघालेले भूत पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेकडे कुठेतरी वर येईल. तिथून परत येईपर्यंत औरंगपुरा जवळजवळ 2,000 किमी. पूर्वेला सरकलेला असेल.

वजनही आहे आणि जमीनही टेकते असे म्हटले, तर ते साधे शरीर झाले. ते हवा बाजूला सारेल, धूळ उडवेल, माडीच्या फळ्या वाजवेल आणि भिंतीला थडकेल.

दगडातून खरोखर आरपार जाणारी वस्तू निसर्गात आहे : न्यूट्रिनो. सूर्याकडून येणारे सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ ज्यात होते त्या गटाने 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 2,300 मी. खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. पण न्यूट्रिनो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो. कोणत्याही वाड्यात तो मुक्काम करत नाही.

राहता राहिला वाट चुकवणारा चकवा. रात्री रानात माणूस चालतच राहतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. या अनुभवाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये माणसांना जंगलात व ट्युनिशियाच्या वाळवंटात चालवून पाहिले. सूर्य दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर गोल फिरली, आणि ते त्यांच्या ध्यानातही आले नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाताच वळत वळत आल्या दिशेला परतला. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळे 20 मी. व्यासाइतकी लहान झाली. दिशेच्या जाणिवेतली बारीक चूक पावलागणिक साठत जाते. चकव्यात हिंडतो तो माणूसच.

भूत असे हिशेबात बसत नाही; पण ते उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे किंवा मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.