जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची पीछेहाट

1990 नंतर दक्षिण कोरिया, तैवान व पुढे चीन यांच्यापुढे जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची झालेली घसरण. 1988 मध्ये जगातील सेमीकंडक्टर विक्रीत जपानी कंपन्यांचा वाटा सुमारे निम्मा होता. 2019 मध्ये तो दहा टक्क्यांच्या आसपास उरला.

पहिले धक्के बाहेरून बसले. चलनांच्या दरांविषयीच्या 1985 च्या प्लाझा करारानंतर येनचे मोल तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले आणि जपानी माल परदेशात महागला. 1986 च्या अमेरिका-जपान सेमीकंडक्टर करारान्वये अमेरिकेने जपानी चिपच्या पडेल भावातील विक्रीला पायबंद घातला; त्यामुळे चिपचे भाव चढले. 1983 मध्येच 64 किलोबिट डीरॅम ही मेमरी चिप बनवून या धंद्यात उतरलेल्या सॅमसंगला या चढ्या भावांचा आयताच लाभ झाला. तरीही सारे खापर वॉशिंग्टनवर फोडता येत नाही.

खरे दुखणे दर्जाच्या कल्पनेत होते. एनईसी, हिताची, तोशिबा, फुजित्सू यांच्या मेमरी चिप मेनफ्रेम संगणक आणि टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडल्या होत्या; तेथे त्या वर्षानुवर्षे बिनचूक चालाव्या लागत. 1990 च्या दशकात गिऱ्हाईकच बदलले. चार-पाच वर्षांत मोडीत निघणाऱ्या पीसीला एवढा टिकाऊपणा नको होता, स्वस्ताई हवी होती. कोरियन कंपन्यांनी उत्पादनातील खर्चिक टप्पे छाटले आणि मंदीतही कारखाने वाढवले. जपानी कारखान्यांना जुना काटेकोरपणा सुटला नाही आणि मालाचा चोखपणाच त्यांच्या अंगलट आला. एनईसी व हिताची यांचे मेमरी विभाग जोडून 1999 मध्ये निघालेली, पुढे एल्पिडा हे नाव घेतलेली कंपनी फेब्रुवारी 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली.

तैवानची वाट निराळी. मॉरिस चँग यांनी 1987 मध्ये स्थापलेली टीएसएमसी केवळ इतरांच्या आराखड्यांनुसार चिप घडवून देते. आराखड्यापासून विक्रीपर्यंत सारे घरातच करणाऱ्या जपानी कंपन्यांना ही विभागणी मानवली नाही.

टीव्हीच्या धंद्यातही तेच झाले. शार्पने साकाई येथे एलसीडी पडद्यांचा अवाढव्य कारखाना 2009 मध्ये, म्हणजे नेमक्या जागतिक मंदीत, सुरू केला. 2016 मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने शार्पच ताब्यात घेतली.

उद्योग बुडाला, असे मात्र नाही. सिलिकॉन चकत्या, फोटोरेझिस्ट, सोनीचे कॅमेरा सेन्सर आणि मुराताचे कपॅसिटर यांत जपान अजून आघाडीवर आहे. जपानी सरकारच्या अनुदानावर कुमामोतो येथे 2024 मध्ये उघडलेला चिप कारखाना टीएसएमसीचा आहे. सोनीचा त्यात छोटा हिस्सा आहे.